खुले पत्र : जलवाहिनी धुण्याचे काम आमच्या नळांकडून करून घेऊ नका

माननीय मंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळ्यात सोलापुरातल्या आमच्या गल्लीतील फुटलेली जलवाहिनी जोडली, तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी सर्वांसमक्ष शब्द दिला होता की, संपूर्ण लाइन वॉशआऊट करून आणि क्लोरीन तपासूनच पाणी सोडले जाईल. खड्डा त्याच संध्याकाळी बुजवला गेला. लाइन मात्र आजतागायत धुतलेली नाही, आणि परवाच्या पाणी सुटण्याच्या पाळीला नळातून तांबूस, गटाराचा वास असलेले पाणी आले. आपला बहुमूल्य वेळ घेत आहे, क्षमस्व. आमचा वेळ घेताना कोणी क्षमा मागत नाही.

मी घरी कडक भाकरी आणि शेंगाचटणी करून विकते. असल्या पाण्यात पीठ मळून गिऱ्हाइकाला देणे मनाला पटत नाही, म्हणून जार विकत घेते, आणि भाकरीमागे जे दोन पैसे सुटायचे ते त्या जारवाल्याला जातात. सासूबाईंना जुलाब लागले, सलाइन लावावे लागले. त्यांच्या उशाशी बसल्यामुळे हाती आलेल्या ऑर्डरी गेल्या त्या गेल्याच. डॉक्टरांनी पाणी उकळून प्या असे सांगितले. गॅस सिलिंडर कोणाच्या खर्चाने, हे त्यांनी सांगितले नाही.

तक्रार केली तर उत्तर मिळाले की, लाइन धुण्यात पाणी वाया जाते. महोदय, पाणी आत्ताही वाया जातेच आहे. पाळीच्या दिवशी सुरुवातीच्या पाच बादल्या प्रत्येक घर मोरीत ओतते. बादली वीस लिटरची धरली आणि भागात हजारभर घरे धरली, तर एका पाळीला लाख लिटर पाणी गटारात जाते. हिशेब माझा आहे, चार-दोन घरे इकडेतिकडे होतील. एवढे करूनही वाहिनी स्वच्छ होत नाही, कारण अर्ध्या इंची नळाच्या ओढीने सहा इंची वाहिनीच्या तळाचा गाळ हलत नाही. त्यासाठी बाजूचे व्हॉल्व्ह बंद करून, एकाच दिशेने, सेकंदाला मीटरभर तरी वेगाने पाणी काढून ते वॉशआऊट व्हॉल्व्हमधून बाहेर सोडावे लागते, आणि स्वच्छ बाजूकडून सुरुवात करून गल्लीच्या बंद टोकापर्यंत जावे लागते. हे काही आकाशातले ज्ञान नाही, आमच्या भागात पाणी सोडणारा चावीवालाही हेच सांगतो.

आमच्याकडे तर याची गरज अधिकच आहे. पाणी काही दिवसांआड येते. मधल्या काळात वाहिनी रिकामी असते, दाब नसतो आणि गळक्या जोडांतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते. पुन्हा पाणी सुटले की तो सारा ऐवज पहिल्या लोंढ्यासोबत आमच्या हंड्यात येतो. पिण्याच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे ई. कोलाय एकही नसावा, असे भारतीय मानक १०५०० सांगते. ते मानक आमच्या गल्लीपर्यंत पोहोचलेले दिसत नाही.

आणि मूळ प्रश्न पाण्याच्या तुटवड्याचा तरी आहे का? ११७ टीएमसीचे उजनी धरण आमच्याच जिल्ह्यात आहे, शंभराहून अधिक किलोमीटरची वाहिनी तिथून शहरात येते, २०१६ साली स्मार्ट सिटीच्या पहिल्याच यादीत सोलापूरचे नाव झळकले. नव्या वाहिनीचे भूमिपूजन होते, टाकीचे लोकार्पण होते, दोन्हींना निविदा असते आणि फलकावर छायाचित्रही असते. जुनी वाहिनी धुण्यात यांपैकी काहीच नाही, म्हणून ती धुतली जात नाही, असा माझा स्पष्ट समज आहे. तो चुकीचा असेल तर आमच्या भागातील वाहिनी शेवटची कधी धुतली, याची नोंदवही कोणीतरी दाखवावी. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे तर ही वही मागायची कोणाकडे, हेही कळत नव्हते. घरपट्टी-पाणीपट्टीची बिले मात्र न चुकता पत्ता शोधत आली.

तेव्हा विनंती एवढीच की, जोडणी किंवा दुरुस्तीनंतर वाहिनी धुतल्याशिवाय पाणी सोडू नये, असा लेखी आदेश काढावा. प्रत्येक भागातील वाहिन्या धुण्याचे वेळापत्रक आधी जाहीर करावे, म्हणजे त्या वेळी आम्ही नळ बंद ठेवू. धुतल्यानंतर गल्लीच्या शेवटच्या नळावर आमच्यासमोर ओटी तपासणी, म्हणजे पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे का याची चाचणी, करावी. सुरुवात आमच्या गल्लीपासून केली तर चालेल. वॉशआऊटचे झाकण डांबराखाली गेले आहे, पण जागा मला माहीत आहे, मी दाखवते.

आपली,
जुळे सोलापूर येथील एक पाणीपट्टीधारक