जलपर्णी काढली, दुखणे तसेच

संपादक महोदय,

उन्हाळा लागला की पंचगंगेवर जलपर्णीचा हिरवा थर पसरतो आणि ती काढतानाची छायाचित्रे छापून येतात; परंतु सांडपाण्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर पोसणारी ही वनस्पती उपसून मूळ दुखणे जात नाही. कोल्हापूर, इचलकरंजी व काठच्या गावांचे मैलापाणी आणि कापड प्रक्रिया उद्योगांचे रंगीत पाणी यांमुळे नदीतील विरघळलेला प्राणवायू घटतो व मासे तडफडून मरतात. २०१२ मधील इचलकरंजीची काविळीची साथ आपण विसरलो की काय? १९७४ चा जलप्रदूषण कायदा हाताशी आहेच. तेव्हा नाले नदीआधीच अडवून प्रक्रिया केंद्राकडे वळवावेत आणि नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळणाऱ्या या पाण्याचे तपासणी अहवाल दर आठवड्याला जाहीर करावेत, ही विनंती.

– एक वाचक, कोल्हापूर