टांग्याच्या लेखावर व्हिक्टोरियाचं छायाचित्र

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत पुण्याच्या टांग्यांवर पानभर लेख आला, पण वर छायाचित्र मुंबईच्या व्हिक्टोरियाचं! चार चाकं, दुमडता टप, उंच बैठकीवर गाडीवान. टांग्याला दोन चाकं असतात, एवढं पाहणारं कुणी तुमच्याकडे उरलं नाही का?

त्याहून लागलं ते ‘टांगा म्हणजे गरिबाची स्वस्त बग्गी’ हे वाक्य. माझे वडील पुणे स्टेशनवर टांगा हाकत. दोन चाकांच्या गाडीत सगळा प्रश्न तोलाचा. मागे भार वाढला की दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला काचतो. पुढे वाढला तर सगळं ओझं त्याच्या पाठीवर. म्हणून टांग्यात पाठीला पाठ लावून बसायचं. वडील आधी उतारूंकडे नीट बघत, मग सांगत, “आजी, तुम्ही पुढं या. ट्रंक मागं नको, इथं पायाशी द्या.” एकदा दोन धिप्पाड गृहस्थ मागेच बसणार म्हणून अडून बसले. “पैसे आम्ही देतोय,” म्हणाले. वडिलांनी त्यांचं सामान उतरवून फलाटाच्या पायरीशी ठेवलं आणि भाडं सोडलं. त्या दिवशी घोड्याच्या चंदीपुरतीही कमाई झाली नव्हती.

इंग्लंडात जोसेफ हॅन्सम यांनी १८३४ साली पेटंट घेतलेल्या गाडीचं तुमच्या लेखकाला भारी कौतुक. तीही दोनच चाकांची, पुढे सुधारलेल्या रूपात गाडीवान मागे उंचावर. तोल तिथेही सांभाळावाच लागे. मग त्यांची ती कल्पकता आणि आमची ती स्वस्ताई, हा न्याय कुठला?

आणि रँड ‘टांग्यातून’ परतत होता, हे कुणी सांगितलं? २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदर चापेकर मागून चढले ती साहेबी बग्गी होती. टांग्याच्या मागच्या बाजूला उतारूच बसलेले असतात, तिथे चढणार कुठे? निदान पुण्याच्या वर्तमानपत्रात तरी हे चुकू नये.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, ठळक छापावी. छायाचित्रांखाली ठिकाण आणि साल देणंही तुम्ही अलीकडे सोडून दिलं आहे, ते पुन्हा सुरू करा. आणि शब्दकोडं घडीवर छापू नका, उभे शब्द वाचताच येत नाहीत.

आपला,
एक जुना वर्गणीदार
सोमवार पेठ, पुणे