सुनेसमोर विचारलं तर कोण खरं सांगेल?

मा. संपादक,
स. न.

दर महिन्याला मी घराजवळच्या एका दवाखान्यात बीपीच्या गोळ्या आणायला जातो. केसपेपर काढून नंबर लागेपर्यंत पाऊण तास सहज जातो. तेवढ्यात रांगेतली बरीच पुरुषमंडळी "काका, माझ्या नंबरकडे लक्ष ठेवा हं" असं सांगून फाटकाबाहेरच्या टपरीवर एक चक्कर मारून येतात. खोकल्याचं औषध न्यायला आलेलेसुद्धा. मी कोणत्या तोंडाने हसणार? सातपूरच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीला झोप लागू नये म्हणून धरलेली विडी मी एक्कावन्नाव्या वर्षी सोडली, तीही तिसऱ्या खेपेला.

लिहायचं कारण वेगळंच आहे. गेल्या महिन्यात माझ्या पुढे एक गृहस्थ होते, सोबत बायको आणि सून. टेबलावरच्या ताईंनी कागदावरून मान वर न करता विचारलं, "सिगारेट ओढता का?" ते म्हणाले, "नाही." खोटं बोलले असं म्हणता येणार नाही. ते विडी ओढतात. दहा मिनिटांपूर्वी मीच त्यांचा नंबर धरून उभा होतो. पण केसपेपरवर 'नाही' पडलं ते पडलंच. आता डॉक्टर त्यांचा खोकला तपासतील, बीपीची गोळी वाढवतील, मुळाला मात्र हात लागणार नाही. बरं, 'विडी' म्हणून विचारलं असतं तरी सुनेच्या देखत ते हो म्हणाले असते, असं मला वाटत नाही.

आमच्या जिल्ह्यात विडीला व्यसन म्हणायची रीतच नव्हती. शेजारच्या सिन्नरमध्ये विड्यांच्या धंद्यावर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. माझी मावशी तिथेच विड्या वळायची. मजुरी हजार विड्यांमागे; बोलता बोलता सुपातली पानं संपायची. "विडीत कागद नाही, झाडाचं पान आहे, ती बाधत नाही," हे मी लहानपणी घरातच ऐकलं. खरं तर विडी पटकन विझते, म्हणून झुरके भराभर मारावे लागतात, आणि फिल्टर नसल्याने सगळा माल थेट छातीत. हे मला कळलं तेव्हा तीस वर्षं उलटून गेली होती.

दुसरी गंमत म्हणजे विडी सोडली की सुटलो, असं सगळे धरून चालतात. माझ्या ओळखीच्या दोघांनी विडी सोडली म्हणून पेढे वाटले आणि आज ते तळहातावर चुना मळत बसलेले असतात. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, आणि तंबाखू खाणारे, लावणारे २४.४ टक्के. म्हणजे प्रश्न नुसता ओढण्याचा विचारून भागत नाही. "विडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री, यातलं काय घेता? सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने लागते?" असं विचारावं. डोळे उघडल्या उघडल्या लागत असेल, तर त्या माणसाला नुसता उपदेश पुरणार नाही, हे डॉक्टरांना तिथेच कळतं.

उपदेशाचंही तसंच. त्याच सर्वेक्षणात, वर्षभरात डॉक्टरांकडे जाऊन आलेल्या धूम्रपान करणाऱ्यांपैकी ४८.८ टक्क्यांना "सोडा" असा सल्ला मिळाला होता, तोही देशभरचा आकडा. सोडायची कशी, हे त्यातल्या कितींना कळलं असेल देव जाणे. मलाही एका डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगगम घ्या म्हणून सांगितलं. मी ते पानासारखं कचाकचा चावलं, वर चहा प्यालो. उचक्या लागल्या, घसा जळला, पाकीट नाल्यात. ते थोडं चावून गालात दाबून ठेवायचं असतं, चव गेली की पुन्हा चावायचं, आणि चहानंतर पंधरा मिनिटं तोंडात घालायचंच नाही, हे पुढे दुसऱ्या एका सिस्टरनी समजावलं. पहिले तीन-चार दिवस डोकं भणभणतं, माणूस घरच्यांवर खेकसतो, पण एकेक तलफ काही मिनिटांत ओसरते, हेही त्यांनीच सांगितलं. शिवाय आठवड्याने परत बोलावलं. मला वाटतं मी सुटलो तो त्या परत बोलावण्यामुळे. बीपीसाठी पुढची तारीख मिळते, टीबीच्या गोळ्या चुकल्या तर आशाताई घरी येतात. विडी सोडू बघणाऱ्याला तारीख का नाही?

टपरीबद्दल लिहायचं तर कायद्याने शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांत तंबाखूविक्रीला बंदी आहे, दवाखान्याला ते कलम लागू नाही. सुटी विडी-सिगारेट विकण्यावर राज्यात २०२० पासून बंदी आहे, तरी आमच्या फाटकाबाहेर एकेक सुटी मिळते. त्यावर कोणी बोलेल तेव्हा बोलेल. तोवर निदान दवाखान्यात पुरुष पेशंटला दोन मिनिटं पडद्याआड घ्यावं, घरच्यांना बाहेर बसवावं, आणि मग विचारावं. त्याला खोली लागत नाही, पैसा लागत नाही.

त्या गृहस्थांना मी नंतर बाहेर गाठलं. खिशातलं बंडल काढायला लावलं आणि वेष्टनावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर दाखवला. फुकट आहे, सोडायला मदत करतात, म्हटलं. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. "रोज हातात असतं हो, कधी बघितलंच नाही." बंडल परत खिशात घातलं, सून गोळ्यांच्या खिडकीशी उभी आहे ना याची खात्री केली आणि हळूच म्हणाले, "फोन करीन. पण तेवढं तिला सांगू नका."

आपला,
एक निवृत्त कामगार,
सातपूर, नाशिक