चित्रपटाचे हक्क आणि गावातला कादंबरीकार

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मराठी कादंबऱ्यांवर निघणाऱ्या चित्रपटांविषयी आणि मालिकांविषयी आपल्या रविवार पुरवणीत येणारे लेखन मी आवर्जून वाचतो. दिग्दर्शकाने कादंबरीला न्याय दिला की नाही, कोणता प्रसंग गाळला, शेवट का बदलला, याची त्यात भरपूर चर्चा असते आणि ती व्हायलाही हवी. मात्र ज्याने ती कादंबरी लिहिली त्याच्याशी करार काय झाला, त्याला काय मिळाले आणि ते वेळेवर मिळाले का, याविषयी त्यात एक ओळही सापडत नाही. मी अचलपूर तालुक्यातील एका खेड्यात, शासनाच्या वर्गवारीत सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयाचा ग्रंथपाल आहे. आसपासच्या गावांत लिहिणारी जी मंडळी आहेत, ती पुस्तकांच्या निमित्ताने आमच्याकडे येऊन बसतात, आणि त्यांची परिस्थिती जवळून पाहिल्यामुळेच हे पत्र लिहिणे मला आवश्यक वाटले.

या विषयावर बोलण्याचा आमच्या तालुक्याला थोडा अधिकारही आहे. गो. नी. दांडेकर १९१६ मध्ये परतवाड्यात जन्मले आणि अरुण साधूही १९४१ मध्ये परतवाड्यातच. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वर १९७७ मध्ये, तर साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र गुंफून १९७९ मध्ये चित्रपट झाला. दोन्हींचे दिग्दर्शक जब्बार पटेल. एकाच गावात जन्मलेल्या दोन कादंबरीकारांचे लेखन दोन वर्षांच्या अंतराने एकाच दिग्दर्शकाने पडद्यावर आणले, ही गोष्ट मी वाचनालयात येणाऱ्या शाळकरी मुलांना नेहमी अभिमानाने सांगतो. पण त्यातली पहिली कादंबरी कर्नाळ्याच्या परिसरातील ठाकर आदिवासींची आणि दुसरी मुंबईच्या सत्ताकारणाची. दांडेकर तळेगाव दाभाड्यास स्थायिक झाले, साधूंचे बरेचसे आयुष्य मुंबईच्या पत्रकारितेत गेले. चित्रपटवाल्यांना भेटायचे तर दोघांनाही एसटीने रात्र काढावी लागत नव्हती. जो लेखक इथेच राहिला आणि ज्याने इथल्याच माणसांविषयी लिहिले, त्याची गोष्ट वेगळी आहे.

वऱ्हाडातले कादंबरीकार उद्धव शेळके यांचे नाव या संदर्भात घेतलेच पाहिजे. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘धग’ या कादंबरीतील नायिका कौतिकचा संसार वाचून आजही आमच्याकडच्या बाया पुस्तक परत करताना क्षणभर गप्प होतात. वऱ्हाडी बोलीला कादंबरीत एवढे भरदार स्थान तोवर क्वचितच मिळाले होते. पण शेळक्यांनी लेखणीवरच संसार चालवला आणि त्यासाठी त्यांना झटपट खपणाऱ्या रंजक कादंबऱ्यांचा ढीग लिहावा लागला. त्या ढिगाखाली ‘धग’च्या तोडीचे आणखी काय राहून गेले असेल, हा विचार मला फार अस्वस्थ करतो. पुढे ‘धग’ याच नावाच्या मराठी चित्रपटाला दिग्दर्शनाचा आणि अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो चांगला चित्रपट होता, पण त्याचा या कादंबरीशी काही संबंध नाही. केवळ शीर्षकावर कॉपीराइट नसतो, त्यामुळे यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. मात्र वाचनालयात येऊन ‘पिक्चरवालं धग द्या’ असे म्हणणाऱ्या वाचकाला ही हकिकत समजावून सांगताना मला वाईट वाटते, कारण कौतिकची कहाणी पडद्यावर येण्याच्या योग्यतेची निश्चित आहे.

बुलढाण्याच्या सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला २००४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि पुढे तिच्यावर चित्रपटही झाला, तो झाला हिंदीत. हिंदीत झाला म्हणून तो कमी दर्जाचा ठरत नाही. तथापि ‘गाभ्रीचा पाऊस’ हा २००९ चा चित्रपट याच कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्याचा होता आणि त्यातील माणसे आपल्या बोलीत बोलत होती, तो पाहताना प्रेक्षकांचे काही अडले नाही. तेव्हा वऱ्हाडी चालत नाही, ही सबब आता कोणी पुढे करू नये. बोली पडद्यावर नेमकी उतरवायची असेल तर मूळ लेखकाला संवादलेखनासाठी किंवा निदान सल्ल्यासाठी बोलवावे, आणि त्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. आमच्याकडे असे बोलावणे आले तरी ते बहुधा फोनवरून, फुकटात आणि रात्री दहानंतर येते.

आता पैशांचे बोलतो, कारण मराठीत तेच बोलायला सगळे संकोचतात. कादंबरीची किंमत ३०० रुपये, आवृत्ती ५०० प्रतींची आणि मानधन छापील किमतीच्या दहा टक्के धरले, तर शेवटची प्रत विकली गेल्यावर लेखकाला १५,००० रुपये मिळतात. एवढी कादंबरी लिहायला त्याची तीन-चार वर्षे गेलेली असतात. खेड्यापाड्यांतील कित्येक लेखकांना हेही मिळत नाही. छपाईचा खर्च त्यांनीच दिलेला असतो आणि मोबदल्यात पुस्तकांचे गठ्ठे घरी येऊन पडतात. वाचनालयात एक प्रत शंभर जणांनी वाचली तरी लेखकाला मानधन एका प्रतीचेच. ब्रिटनमध्ये ग्रंथालयातून पुस्तक वाचकाला दिल्याबद्दल लेखकाला मोबदला देण्याचा कायदा १९७९ मध्ये झाला. आपल्याकडे तशी सोय नाही. आम्ही ‘ड’ वर्गातले लोक, शासनाच्या परिरक्षण अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेले, मनात असले तरी लेखकासाठी फार काही करू शकत नाही. अशा स्थितीत चित्रपटाचे किंवा मालिकेचे हक्क हीच एक अशी गोष्ट आहे, जिच्यातून लेखकाच्या हाती एकरकमी, चार वर्षांच्या कष्टाला शोभेल अशी रक्कम येऊ शकते. आणि नेमकी तीच फार सहज हातची जाते.

आमच्या भागातील एक शिक्षक कादंबरीकार आहेत. दिवसा शाळा, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, निवडणुकीचे काम; घरी संत्र्याचा लहान बगीचा, आणि शेतीची वीज रात्रपाळीची असली की मध्यरात्री मोटार सुरू करायला जायचे. पाणी फिरेपर्यंत बांधावरच्या खोलीत बसून त्यांनी शंभर पानी वह्यांमध्ये कादंबरी लिहिली. ती छापून आली, दोन-तीन चांगली परीक्षणे आली, आणि एका निर्मात्याचा माणूस त्यांच्या घरी येऊन त्यांची एका कागदावर सही घेऊन गेला. तो कागद त्यांनी मला दाखवला आहे. एकच पान, टंकलिखित, खाली महसुली तिकीट. कादंबरीचे चित्रपटाचे हक्क दिले असून ते अन्य कोणास देणार नाही, एवढाच त्याचा आशय. हक्क किती वर्षांसाठी दिले, याचा उल्लेख नाही. चित्रपट कधी सुरू होणार, याचा नाही. टोकन म्हणून दिलेल्या रकमेपुढे उरलेली रक्कम किती आणि केव्हा, हेही नाही. चित्रपट झाला नाही. नंतर दुसऱ्या एका तरुण दिग्दर्शकाने विचारणा केली, तेव्हा सरांनी आपण बांधले गेलो आहोत असे सांगून त्याला परत पाठवले. मी विचारले, असा कागद सही करण्याआधी कोणाला दाखवला का नाही? ते म्हणाले, “भाऊ, पैशाचं जाऊ द्या, माह्यं नाव तं येईन ना पडद्यावर, म्हून सही केली.”

आपल्याकडचा शेतकरी काट्याची पावती हाती पडल्याशिवाय कापसाच्या बाजारातून हलत नाही. त्याच घरातला लिहिणारा माणूस मात्र कादंबरी देताना पावती मागायला लाजतो, कारण साहित्याच्या व्यवहारात भाव विचारणे हलकेपणाचे आहे, असे त्याला आपण सर्वांनी शिकवले आहे.

कायदा खरे तर त्याच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम १९ प्रमाणे हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि स्वाक्षरीसह असावे लागते. कोणते हक्क, किती मुदतीसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यावर, हे त्यात नमूद करावे लागते. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची समजली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर हक्क भारतापुरते समजले जातात. आणि करारात वेगळे काही म्हटले नसेल तर, हक्क घेणाऱ्याने एका वर्षात त्यांचा वापर केला नाही की ते हस्तांतरण आपोआप संपुष्टात येते. म्हणजे आमच्या सरांनी दुसऱ्या दिग्दर्शकाला परत पाठवले, तेव्हा ते बहुधा केव्हाच मोकळे झालेले होते, आणि हे त्यांना सांगणारा एकही माणूस जवळपास नव्हता.

२०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक महत्त्वाची गोष्ट झाली. चित्रपटासाठी हक्क दिले तरी, चित्रपटगृहातील प्रदर्शनाखेरीज अन्य मार्गांनी त्या कृतीचा उपयोग होऊन जी रॉयल्टी मिळते, तिच्यात समान वाटा मागण्याचा लेखकाचा हक्क अबाधित राहतो. आज चित्रपट गावोगावी मोबाइलवरच पाहिले जातात हे लक्षात घेतले, तर या तरतुदीचे मोल कळेल. कलम ५७ तर त्याहून जिव्हाळ्याचे आहे. हक्क विकल्यानंतरही ‘ही कृती माझी आहे’ असे सांगण्याचा, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाध येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो. दिल्लीच्या मिरांडा हाऊस महाविद्यालयात शिकवणाऱ्या हिंदी कादंबरीकार मन्नू भंडारी आपल्या ‘आपका बंटी’च्या चित्रपट रूपांतराविरुद्ध न्यायालयात गेल्या आणि १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कलमाचे बळ स्पष्ट केले. त्या राजधानीत होत्या, वकील त्यांच्या आवाक्यात होते. मेळघाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या लेखकाने कोणाकडे जावे?

रूपांतरात बदल होऊच नयेत, असे माझे मुळीच म्हणणे नाही. पाचशे पानांची कादंबरी दोन तासांत बसवायची तर पात्रे कमी होणार, प्रसंग पुढेमागे होणार. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ यांवर आधारलेला ‘जोगवा’ किंवा आनंद यादव यांच्या ‘नटरंग’वरचा चित्रपट पाहून कित्येक जण मूळ पुस्तकाकडे वळले. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’वरचा चित्रपट आल्यानंतर आमच्याकडची तिची एकुलती प्रत कपाटात परतेपर्यंत दुसरा वाचक दारात उभा असायचा. चांगल्या रूपांतराने पुस्तकाचे भलेच होते, हे माझ्याकडच्या देवघेव रजिस्टरात दिसते. त्या भल्याचा हिस्सा लेखकापर्यंत पोहोचावा, एवढेच मागणे आहे.

वारसांचा प्रश्न याहून नाजूक आहे. सुहास शिरवळकर २००३ मध्ये गेले आणि त्यांच्या ‘दुनियादारी’वरचा चित्रपट २०१३ मध्ये आला, तुफान चालला. लेखकाच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षे कॉपीराइट त्याच्या वारसांकडे असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले झाले. उद्धव शेळके १९९२ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या पुस्तकांचे हक्क २०५२ अखेरपर्यंत त्यांच्या वारसांचे आहेत. पण खेड्यातील किती घरांना हे माहीत आहे? वडिलांच्या वह्या आणि प्रकाशकांची जुनी पत्रे रद्दीत देताना मी माणसे पाहिली आहेत, आणि जमेल तेव्हा ती बांधून वाचनालयात आणूनही ठेवली आहेत. त्या पत्रांतच कधीकधी कराराचा एकमेव पुरावा असतो.

विदर्भ साहित्य संघाने २०२३ मध्ये शंभर वर्षे पूर्ण केली, गावोगावी त्याच्या शाखा आहेत. संघाने जिल्ह्याच्या ठिकाणी महिन्यातून एक दिवस तरी जाणकार वकील बसवून लेखकांचे आणि वारसांचे करार तपासून द्यावेत. राज्य शासन मराठी चित्रपटांना अनुदान देते. कादंबरीवर आधारलेल्या चित्रपटाच्या बाबतीत, लेखकाला ठरलेली रक्कम प्रत्यक्ष पोहोचल्याची पावती तपासल्याशिवाय त्या अनुदानाचा हप्ता सोडू नये. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांना पहिल्या पुस्तकासाठी अनुदान देते, ही फार चांगली योजना आहे. त्या मंजुरीपत्रासोबतच सोप्या मराठीतील कराराचा एक नमुना पाठवला तर खर्च कागदाएवढाच येईल. निर्मात्यांचेही यात नुकसान नाही, कारण हक्कांचा कागद पक्का असला की चित्रपट अर्ध्यावर कोर्टात अडकत नाही.

आमच्या वाचनालयाच्या फलकावर मी कलम १९ आणि कलम ५७ यांचा मराठी गोषवारा हाताने लिहून लावला आहे. तो पाहायला शेजारच्या गावांतून माणसे येतात, पण तो वाचणार किती जण? आपले दैनिक मात्र या जिल्ह्याच्या शेवटच्या गावापर्यंत पोहोचते. म्हणून माझी विनंती आहे की, एखाद्या कायदेतज्ज्ञाकडून चित्रपट-हक्कांच्या कराराचा एक पानी नमुना तयार करून घेऊन तो आपण रविवार पुरवणीत छापावा. मुदत, प्रदेश, मोबदल्याचे हप्ते, एका वर्षात चित्रपट सुरू न झाल्यास हक्क परत, पडद्यावर आणि जाहिरातीत लेखकाचे नाव, संवादलेखनासाठी बोलावल्यास वेगळे मानधन, एवढी कलमे त्यात ठळक असावीत. तो अंक मी जास्तीच्या प्रतींसह मागवून तालुक्यातील सर्व वाचनालयांना आणि लिहिणाऱ्या मंडळींना पोहोचवीन.

कळावे,
आपला नम्र,
एक ग्रंथपाल,
अचलपूर तालुका, जि. अमरावती