रापलेल्या कातडीवर चाचणी कधी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत उन्हाने लवकर म्हातारी होणारी त्वचा आणि तिच्यावरची सीरम या विषयावर पानभर मजकूर आला होता. त्यात नायसिनामाइड या सीरममधल्या घटकाबद्दल (हा ब-३ जीवनसत्त्वाचा एक प्रकार) 'वैज्ञानिकदृष्ट्या सिद्ध' असे लिहिले होते. मी सांगोल्यात औषधाचे दुकान चालवते. असा मजकूर छापून आला की दोन-तीन दिवसांत त्याचे कात्रण किंवा मोबाइलमधला फोटो घेऊन बाया दुकानात येतात. "ताई, ह्यानं वांग जातंय का ओ?" हा त्यांचा एकच प्रश्न असतो. यातल्या बहुतेक जणी डाळिंबाच्या बागांत मजुरीला जातात. अंबे बहार धरलेल्या बागेत फेब्रुवारीपासून मेपर्यंत त्या उन्हातच असतात. त्यांच्या दोन दिवसांच्या मजुरीएवढी त्या छोट्या बाटलीची किंमत. म्हणून 'सिद्ध' हा शब्द छापताना तो कोणावर, कशाच्या तुलनेत आणि किती काळात सिद्ध झाला, हेही छापावे, एवढ्यासाठी हे पत्र.

नायसिनामाइडमागे अभ्यास नाही असे मी म्हणत नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेली एक चाचणी चांगल्या पद्धतीने केलेली होती. उन्हाने चेहरा बिघडलेल्या ५० स्त्रियांनी १२ आठवडे अर्ध्या चेहऱ्याला ५ टक्के नायसिनामाइड असलेले क्रीम लावले आणि उरलेल्या अर्ध्याला तेच क्रीम, फक्त त्यात नायसिनामाइड नव्हते. बारीक सुरकुत्या आणि डाग घटकाच्या बाजूला अधिक कमी झाले. हे दुसरे, घटक नसलेले क्रीम फार महत्त्वाचे. कोरड्या कातडीला कोणतेही बरे क्रीम लावले तरी वरचा थर पाणी धरतो, फुगतो आणि बारीक रेषा काही काळ दिसेनाशा होतात. घटकाने काय केले हे कळायचे तर साध्या क्रीमने जेवढे होते तेवढे वजा करावेच लागते. 'आधी आणि नंतर' अशा दोन फोटोंत ही वजाबाकी होत नाही.

पण त्या ५० जणी गोऱ्या वर्णाच्या होत्या. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारे द्रव्य, जास्त. उन्हाचा परिणाम तिच्यावर सुरकुत्यांआधी डाग, वांग आणि एकसारखा न राहिलेला रंग या रूपात दिसतो. पस्तिशीतल्या बाईच्या गालावर वांग असते आणि डोळ्यांभोवती रेषा जवळपास नसतात, हे मी रोज बघते. तेव्हा सुरकुती मोजणारी चाचणी आमच्या गिऱ्हाइकांच्या प्रश्नाला अर्धेच उत्तर देते. आपल्या जवळचा अभ्यास शोधायचा तर मेक्सिकोतला, २०११ चा, बघावा. वांग असलेल्या २७ रुग्णांना ८ आठवडे चेहऱ्याच्या एका बाजूला ४ टक्के नायसिनामाइड आणि दुसऱ्या बाजूला ४ टक्के हायड्रोक्विनोन हे डाग फिके करणारे औषध दिले. चांगली किंवा उत्तम सुधारणा नायसिनामाइडच्या बाजूला ४४ टक्क्यांमध्ये आणि हायड्रोक्विनोनच्या बाजूला ५५ टक्क्यांमध्ये दिसली. जळजळीसारखा त्रास नायसिनामाइडच्या बाजूला कमी जणांना झाला. आशा वाटावी असा हा निकाल आहे, पण तो २७ जणांचा आणि दोनच महिन्यांचा आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या भागात विसरून चालणार नाही, ती म्हणजे ऋतू. मेच्या मध्याला सुरू केलेली १२ आठवड्यांची चाचणी ऑगस्टमध्ये संपते. तोवर आभाळ भरून येते, ऊन उतरते आणि डाग काही न लावताही फिके होतात. तुलनेला घटक नसलेल्या क्रीमची दुसरी बाजू नसेल तर ते सगळे श्रेय बाटलीला जाते.

तुलनेची बाजू असली तरी आकडे कसे मांडले हे बघावे लागते. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दुकानात मिळणाऱ्या एका क्रीमची चाचणी उन्हाने त्वचा बिघडलेल्या ६० जणांवर घेतली. २००९ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि तिचा खूप गाजावाजा झाला. सहा महिन्यांनी क्रीमच्या गटात ४३ टक्क्यांच्या आणि साध्या क्रीमच्या गटात २२ टक्क्यांच्या सुरकुत्या सुधारल्या होत्या. संख्याशास्त्रज्ञ मार्टिन ब्लँड यांनी त्यावर बोट ठेवले: प्रत्येक गटाची तुलना त्याच्या स्वतःच्या सुरुवातीशी केली आहे, तर प्रश्न दोन गटांमधल्या फरकाचा आहे. जेमतेम तीस-तीसच्या गटांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. विद्यापीठाचे नाव आणि नामांकित नियतकालिक असूनही हा प्रश्न उरला. मग जाहिरातीतल्या तळटीपेवर गिऱ्हाइकाने किती विसंबावे?

उन्हाने कातडी म्हातारी होण्याबाबत मला सगळ्यात भरवशाचा वाटणारा अभ्यास सीरमचा नाहीच. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या नॅम्बोर या गावात ९०३ प्रौढांवर साडेचार वर्षे तो चालला. रोज सनस्क्रीन लावायला सांगितलेल्या गटात त्वचेचे वय वाढणे मर्जीने लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी आढळले. त्याच अभ्यासात बीटा-कॅरोटीनच्या गोळ्यांचा एकूण उपयोग दिसला नाही. २०१३ साली हा निकाल छापून आला, पण पुरवण्यांत सीरमला पान मिळते आणि याला ओळसुद्धा नाही. मी बायांना आधी हेच सांगते: पदर तोंडावरून घ्या, मोठ्या काठाची टोपी घाला, जमेल तर सनस्क्रीन लावा, मग बाकीचे बघू.

हे तळमळीने लिहिण्याचे कारण वेगळे आहे. सीरमने गुण आला नाही की बाई दुसरे काही शोधते, आणि कोणीतरी तिच्या हातात स्टिरॉइड मिसळलेले क्रीम ठेवते. महिनाभर चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, लाल रेषा उमटतात, उन्हात आग होते. चेहऱ्यावर वापरली जाणारी अशी अनेक स्टिरॉइड मलमे २०१८ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. मी देत नाही, पण गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जाते.

२०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांत दिशाभूल करणारा दावा करू नये असे म्हटले आहे. ते पाळले जाते की नाही हे कळायला दाव्याशेजारी चार गोष्टी छापायला लावाव्यात: किती जण, कोणत्या वर्णाचे, तुलना कशाशी, किती आठवडे. औषधांच्या चाचण्यांची नोंद सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आधीच करावी लागते. जाहिरातीत ज्या प्रसाधन-चाचणीचा हवाला दिला जातो तिलाही तो नियम लावावा. आणि आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचारोग विभागांनी शेतात, रस्त्याच्या कामावर, वीटभट्टीवर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांवर, त्यांची रीतसर संमती घेऊन, पूर्ण वर्षभराची एक चाचणी करावी. सोलापूर जिल्ह्यात उन्हाची कमतरता नाही आणि रापलेल्या चेहऱ्यांचीही नाही.

तोपर्यंत आपल्या पुरवणीने तरी या चार गोष्टी मिळाल्याशिवाय 'सिद्ध' हा शब्द छापू नये, ही विनंती.

आपली,
एक औषधविक्रेती,
सांगोला, जि. सोलापूर