शेजारच्या ट्रेलरमधल्या ताईंना, मनापासून

ताई,

तुमचा फोन नंबर घ्यायचा राहून गेला. दुसऱ्या दिवशी उठून पाहिलं तर तुमच्या राहत्या ट्रेलरची जागा रिकामी, ओल्या मातीत फक्त चाकांच्या खुणा. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. तुमच्यापर्यंत पोहोचलं तर उत्तमच. नाही पोहोचलं तरी ज्यांच्या घरात श्वासाच्या मशीनवर झोपणारं माणूस आहे आणि तरीही विजेच्या जोडणीपासून लांब मुक्काम करायची हौस आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

त्या सकाळी आम्ही सामान आवरत होतो. रात्री साडेतीनला ह्यांचं सीपॅप मशीन बंद पडलं होतं. आधी इन्व्हर्टरची शिट्टी वाजली, मग सगळं शांत झालं, आणि पाठोपाठ हे घुसमटून उठून बसले. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा आजार, असलेल्या माणसाला मशीनशिवाय झोपू द्यायची माझी छाती होत नाही. उजाडेपर्यंत दोघंही अंधारात बसून होतो. ट्रेलर घेतल्यानंतरचा तो पहिलाच मोठा मुक्काम होता, आणि तो दुसऱ्याच रात्री संपला असं मी धरून चालले होते.

तुम्ही आलात आणि काय झालं ते विचारलंत. मी म्हटलं, "बॅटऱ्या बसल्या." हे ऐकून बाकीच्यांनी लिथियम बॅटऱ्या घ्या असं सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बॅटऱ्यांचं मग बघू. रात्रभर काय काय चालू होतं?" मला धड सांगता येईना. तुम्ही त्यावर एक शब्द बोलला नाहीत. आमच्या बॅटऱ्यांना तुमच्या जनरेटरवरून तासभर चार्जिंग दिलंत, आणि मग क्लॅम्प मीटर घेऊन आलात.

तो तास मला जसाच्या तसा आठवतो. मीटरचा जबडा उघडून तुम्ही तो बॅटरीच्या जाड काळ्या वायरीभोवती लावलात. "आता सगळं बंद करा." मी दिवे, पंप, हीटर, सगळं बंद केलं. मीटरवर १.३ ॲम्पिअर. सगळं बंद असताना! इन्व्हर्टरचं बटण दाबायला लावलंत, आकडा ०.५ वर आला. काहीही जोडलेलं नसताना तो नुसता जागा राहण्यासाठी ०.८ ॲम्पिअर खात होता, चोवीस तास. उरलेल्या ०.५ मध्ये गॅस डिटेक्टर होता. "ह्याला कधीही बंद करायचं नाही. हा जीव वाचवणारा खर्च आहे," असं तुम्ही बजावलंत. ते मी अजून पाळते.

मग एकेक वस्तू चालू करायला लावलीत आणि आकडे मलाच लिहायला दिलेत. हीटरचा पंखा ७. तो रात्रीतला साधारण तिसरा हिस्सा फिरत होता. आणि मशीन, ज्याच्याकडे माझा संशय कधी गेलाच नव्हता, ते ५.५! आठ तासांचे ४४ ॲम्पिअर-तास. सगळ्याची बेरीज दिवसाला १०० च्या आसपास गेली. आमच्या दोन बॅटऱ्या मिळून २०० च्या, पण लेड-ॲसिड असल्यामुळे निम्म्याच वापरायच्या. म्हणजे पहिल्याच रात्री आम्ही तळ गाठला होता, आणि झाडाच्या सावलीत उभ्या ट्रेलरच्या छतावरचं सोलर पॅनेल दिवसभरात जेमतेम १५ परत देत होतं. बॅटरी किती भरली ते दाखवणाऱ्या भिंतीवरच्या चार दिव्यांवर मी विसंबले होते. निघताना ते चारही लागलेले होते. चार्जिंग चालू असताना व्होल्टेज चढलेलंच दिसतं, तेव्हा त्या दिव्यांना अर्थ नसतो, हे तुम्ही समजावलंत. चार्जर आणि लोड दोन्ही काढून काही तास थांबायचं आणि मग मोजायचं. १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास आली की निम्मी.

खरी किल्ली मशीनमध्ये होती. हवा ढकलणाऱ्या मोटरला वीज फारशी लागत नाही. ती खातो पाणी गरम करणारा ह्युमिडिफायर आणि तापणारी नळी. वर ते सगळं इन्व्हर्टरमधून, म्हणजे बारा व्होल्टचे घरातले व्होल्ट करायचे आणि मशीनच्या ॲडॉप्टरने ते पुन्हा खाली आणायचे, दोन्हीकडे गळती. तुम्ही ह्यांना आधी विचारलंत की गरम वाफेशिवाय चालेल का. ह्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन केला, ते हो म्हणाले. पाणी भांड्यात तसंच ठेवलं, तापवणं तेवढं बंद. हवा पाण्यावरून जाते, थोडा ओलावा मिळतो. घसा जरा कोरडा पडला, पण झोप लागली. इन्व्हर्टरशिवाय मशीन थेट बॅटरीवर चालवणारा तुमच्याकडचा डीसी कन्व्हर्टर नेमका ह्यांच्याच मशीनचा निघाला, म्हणून त्या रात्रीसाठी दिलात. आमचं मशीन २४ व्होल्टवर चालतं, दुसरा कुठला तरी कन्व्हर्टर लावून बघू नका, हेही सांगितलंत. मीटर लावला तेव्हा १.१. रात्रीचे ४४ होते त्याचे ९ झाले. ताई, त्या रात्री मी पहिल्यांदा निर्धास्त झोपले, आणि म्हणूनच तुम्ही पहाटे निघालात तेव्हा मला जाग आली नाही. कन्व्हर्टर दाराच्या मुठीला अडकवलेल्या पिशवीत "राहू दे" अशा चिठ्ठीसह सापडला.

पुढे आम्ही शंट, म्हणजे बॅटरीत येणारा-जाणारा करंट मोजणारा मीटर, बसवला. पहिला आठवडा आकडे जुळेनात, ऊन असूनही बॅटरी रिकामीच होत चालली आहे असं दाखवायचा. तेव्हा तुमचं वाक्य आठवलं : "बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर शंटशिवाय दुसरं काही राहता कामा नये." पॅनेलची एक वायर थेट बॅटरीवरच राहिली होती. ती शंटच्या पलीकडे घेतली आणि हिशेब लागला. बॅटरीवर छापलेले १०० हे वीस तासांत सावकाश काढल्यावरचे असतात, जोरात ओढले तर तेवढे मिळत नाहीत, हे तुम्ही बोलता बोलता सांगितलं होतंत. नंतर वाचलं की पॉयकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच त्याचं गणित मांडलं होतं.

जनरेटर आता सकाळीच लावतो. रिकामी बॅटरी तेव्हा भराभर घेते. शेवटचा पाचवा हिस्सा मात्र तासन् तास रेंगाळतो, तो दुपारच्या उन्हावर सोडतो. मोकळ्या जागी मांडायचं एक पॅनेल घेतलं, लांब आणि जाड वायरीसकट. मुक्कामाहून परतलो की बॅटऱ्या पूर्ण भरतो, अर्धवट ठेवल्या तर प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं. बॅटऱ्या त्याच आहेत, ज्या मी त्या सकाळी फेकायला निघाले होते. दिवसाचा खर्च १०० वरून ४५ वर आलाय.

तुमच्यासमोर लिहिलेला तो आकड्यांचा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. त्यातल्या ५.५ वर तुमच्या पेनची रेघ आहे आणि शेजारी तुमच्याच अक्षरात १.१. मागच्या महिन्यात सलग नऊ रात्री बाहेर होतो. अजूनही साडेतीनच्या सुमाराला मला एकदा जाग येतेच. अंधारात शंटचा आकडा बघते : उणे १.६. मशीनचे १.१, बाकीचे ०.५. ह्यांच्या श्वासाचा आवाज ऐकते, आणि कूस बदलून झोपते.

तुमची,
पलीकडच्या ट्रेलरमधली