छत्तीसच्या रोलमधले बारा

पुणे,
रविवार सकाळ

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल फोनवर आईने विचारलं, एवढा कालवा कसला चाललाय? तो आमच्या बँडचा होता. वाजवत नव्हतो, नुसते बोलत होतो. कोथरूडला ड्रमवाल्याच्या घरी चौघंही जमलो होतो. ड्रमवाला म्हणजे आईच्या भाषेत 'तो पोहे दोनदा घेणारा'. आता डोक्यावर एक केस नाही, पोहे मात्र अजून दोनदाच. माळा आवरताना त्याला १९९६ ते ९९चे फोटो सापडले, म्हणून हे संमेलन.

फोटोंची दशा काय सांगू! तो चिकट पानांचा अल्बम. वरचं प्लॅस्टिक सोलायला गेलं की गायकाचा गाल त्याच्याबरोबर निघून येतो. स्टेजवरचे सगळे फोटो केशरी, आणि फ्लॅशचा उजेड पोचलाय तो पहिल्या रांगेतल्या डोक्यांपर्यंतच. गायक प्रत्येकात आहे. मी एकात कोपरापासून खाली, एकात स्पीकरच्या मागे. बास गिटारवाल्यांचं नशीब.

बाबा, तुमचा तो नियम मी सगळ्यांना सांगितला. कॅमेरा मिळेल, पण छत्तीस फोटोंच्या रोलमधले बारा बँडचे आणि चोवीस घरचे. त्यामुळे बारा वेळा कुणीतरी 'आता काढू का, आता काढू का' करत उभं राहायचं आणि गाणं संपल्यावर दाबायचं. खरोखर वाजवतानाचा फोटो जवळजवळ नाहीच. सगळे घाम पुसताना, नाहीतर वायर शोधताना.

रंगभवनचे मात्र चार निघाले. तुम्हाला ती जागा 'जिथून पोरगी उशिरा येते ती' एवढीच माहीत. मुंबईतल्या धोबीतलावचं उघडं नाट्यगृह, वर आकाश, समोर दगडी पायऱ्या. १९८६पासून तिथे इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा. आम्ही आधी तो खाली बसून बघितला, मग एका कॉलेजच्या कार्यक्रमात त्याच स्टेजवर चढलो. पोरं ओरडायची, परदेशी बँडचं वाजवा म्हणून. आपलं स्वतःचं गाणं सुरू केलं की निम्मी वडापाव खायला बाहेर. इंडस क्रीडसारखे थोडे बँड सोडले तर स्वतःची गाणी ऐकवून घेण्याइतका दरारा कुणाचाच नव्हता. आमचा तर नव्हताच.

आता तिथे ते काही होत नाही. एका बाजूला झेवियर्स कॉलेज, पलीकडे कामा हॉस्पिटल, जवळच किल्ला कोर्ट. २०००मध्ये ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र, आणि रंगभवन बरोबर त्याच्या मधोमध. गायक अजून चिडतो. मला विचाराल तर कामा हॉस्पिटलमधल्या बाळंतिणींची बाजू बरोबर होती. पण दुसरी तशी जागा कुणी दिली नाही, हेही खरं.

एका फोटोवरून बरीच हसाहस झाली. आपलं स्वयंपाकघर, गॅसवर वरणाचं पातेलं, आणि त्यात माझ्या बासच्या तारा उकळताहेत. आजकालच्या पोरांना कळेना हे काय. बासच्या चार तारांचा नवा संच आपल्याला परवडायचा नाही. जुन्या तारांत घाम आणि मळ बसून आवाज बोदा झाला की त्या काढायच्या, पाण्यात उकळायच्या, पुसून कोरड्या करून परत चढवायच्या. काही दिवस झणझणीत वाजतात. फोटोत मागे आईचा हात आहे, झारा उगारलेला. तो फोटो घरच्या चोवीसांतला होता की आमच्या बारांतला, यावर एकमत झालं नाही.

आपली डेमो कॅसेटही निघाली, बाबांनी अलाहाबादला रॉक स्ट्रीट जर्नल या रॉक संगीताच्या मासिकाकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवली होती तिची जोडीदार. वाजवायला टेपरेकॉर्डर कुणाकडेच नाही. बरंच झालं. आम्ही फार भारी होतो असं तिघांचं मत आहे. माझ्या मते ड्रमवाला भारी होता आणि बाकीचे त्याच्या जिवावर उभे होतो.

आता कामाचं. बाबा, निगेटिव्ह तुम्ही टाकलेल्या नाहीत हे मला पक्कं ठाऊक आहे. गोदरेजच्या कपाटात, विम्याच्या फायलींमागे, स्टुडिओची पिवळी पाकिटं असतील. एका पट्टीवर आमचा गायक उघडा होऊन किंचाळतोय आणि लगेच पुढच्या चौकटीत सत्यनारायणाचा चौरंग, केळीचे खुंट आणि सोवळ्यातले गुरुजी आहेत. तुम्ही ती खिडकीशी धरून मला दाखवली होती आणि 'बघ, देवाच्या शेजारी काय आलंय' म्हणाला होतात. ती पट्टी हवीच. कापू नका, आणि कृपा करून धोतराच्या फडक्याने पुसू नका, ओरखडे पडतात. कडेला धरा आणि पाकिटासकट ठेवा. कुरियर नको, दादा पुढच्या शनिवारी डोंबिवलीला येणार आहे, त्याच्याकडे द्या.

आई, स्कॅन करणारा माणूस पूर्ण पट्टीचेच पैसे घेतो, त्यामुळे तुझे चोवीसही आपोआप होतील. मोठे छापून हवेत का ते सांग. आजी ज्यात आहे ते आधी करायला सांगते.

तुमची,
मनू